वाऱ्याने थरथरलेलं दृश्य

आइसलँडमधला एक रस्ता. सोनेरी केसांची तीन मुलं हातात हात घालून चालली आहेत, चालता चालता कॅमेऱ्याकडे बघताहेत. साल १९६५. काही क्षणांत दृश्य सरतं आणि पडदा काळा होतो. क्रिस मार्करच्या ‘साँ सोलेय’ (१९८३) या चित्रपटाची ही सुरुवात. निवेदिका सांगते, की त्याच्या लेखी हे सुखाचं चित्र होतं. पण दुसऱ्या कुठल्याही दृश्याशी त्याचं कधी जुळलंच नाही.

हा ‘तो’ म्हणजे सान्दोर क्रास्ना, एक काल्पनिक छायालेखक. जपान, गिनी-बिसाऊ, केप व्हर्ड अशा भटकंतीतून तो पत्रं धाडतो आणि ती आपल्याला एका स्त्रीच्या आवाजात ऐकू येतात. तो स्वतः एकदाही पडद्यावर येत नाही. चित्रपटाची सारी गोडी मला या रचनेत वाटते. डोळ्यांसमोर टोकियो असतं, कानांवर मात्र टोकियोची आठवण पडत असते. गाव मागे पडल्यावर माणसाच्या मनात जो प्रवास सुरू होतो, तो मार्कर दाखवतो.

त्या प्रवासात फार लहान गोष्टी टिकून राहतात. टोकियोतल्या गोतोकुजी या मांजरांच्या मंदिरात एक जोडपं येतं. त्यांची तोरा नावाची मांजर हरवली आहे. ती मेलेली नाही. पण मृत्यू येईल तेव्हा त्याने तिला तिच्याच नावाने हाक मारावी, म्हणून दोघं लाकडी पट्टीवर नाव लिहून ठेवायला आले आहेत. पुढे केप व्हर्डमध्ये, प्रायाच्या बाजारात, कॅमेरा एका स्त्रीला न्याहाळतो. तिला ते कळतं. ती नजर देते, पण आपल्याला दिलीच नव्हती असं वाटावं इतकी तिरकी. अखेर ती थेट बघते. ती नजर टिकते सेकंदाचा चोविसावा भाग, फिल्मची एक चौकट. मार्कर त्या एका चौकटीसाठी थांबतो आणि शेवटी पुन्हा तिच्याकडेच येतो.

अखेरीकडे आइसलँडची मुलंही परततात. या वेळी दृश्य पूर्ण आहे. नीटनेटकेपणासाठी आधी कापलेला, वाऱ्याच्या जोराने थरथरणारा धूसर शेवट त्याने परत जोडला आहे. लगेच ज्वालामुखीतज्ज्ञ हारून ताझिएफने टिपलेली दृश्यं येतात. १९७३ साली त्याच जागी, आइसलँडच्या हेमाएई बेटावर, ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि गाव काळ्या राखेखाली गेलं. कशाशीच न जुळणाऱ्या सुखाच्या चित्राला जोड मिळते ती या राखेची.

पण ती राख पाहूनही माझं मन त्या थरथरीपाशीच रेंगाळतं. सबंध चित्रपटभर न दिसलेला माणूस मला तिथे पहिल्यांदा जाणवतो: तीन मुलांसमोर, भर वाऱ्यात, कॅमेरा घट्ट धरून उभा असलेला.