दाबलेली चिकणमाती आणि जड धातू : पारगम्यतेच्या निकषाचे परीक्षण

भोर तालुक्यातील भाटघर येथे वेळवंडी नदी अडविणारे लॉइड धरण दगडी बांधकामाचे आहे. त्याची उपयुक्तता अडलेल्या पाण्यावरून ठरते. कचराभूमीखालील दाबलेल्या चिकणमातीच्या अस्तराला मात्र हा मापदंड अपुरा पडतो. तेथे पाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम, क्रोमियम हेही रोखावयाचे असतात.

नागरी घनकचरा नियम, 2000 यांनी 1.5 मि.मी. जाडीच्या प्लास्टिक पटलाखाली 90 सें.मी. मातीचा थर आणि सेकंदाला 10⁻⁷ सें.मी. ही कमाल पारगम्यता निश्चित केली. 2016 च्या नियमांतही हा निकष कायम राहिला. पटल निकामी झाले असे धरून, जलदाबाचा उतार 1 व सच्छिद्रता 0.4 मानल्यास पाणी हा थर सुमारे 11 वर्षांत ओलांडते. जो धातू मातीशी अधिशोषणाने बांधला जाऊन पाण्याच्या एक-दशांश वेगाने सरकतो, त्याला शतकाहून अधिक काळ लागतो. जो बांधला जात नाही, त्याला तीच 11 वर्षे, आणि विसरण लक्षात घेता त्याहूनही कमी. म्हणजे निर्णायक गुण पारगम्यता नसून धारणशक्ती होय. नियमात तिचा उल्लेख नाही, ही त्यातील मोठीच उणीव म्हणावी लागेल.

नीरेच्या खालच्या अंगाला बारामती-इंदापूरकडे आढळणाऱ्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील खनिजे विपुल असतात. त्यांच्या ऋणभारित पृष्ठभागावर शिसे सहज धरले जाते, कॅडमियम काहीसे कमी. परंतु षट्संयुजी क्रोमियम क्रोमेटच्या रूपाने ऋणायन असल्याने हा पृष्ठभाग त्याला दूरच लोटतो. याउलट सह्याद्रीलगतच्या तांबड्या मातीतील लोहाची ऑक्साइडे आम्लधर्मी स्थितीत क्रोमेट धरतात. आम्लता वाढली की शिशावरील पकड मात्र सुटू लागते. तेव्हा ‘चांगली चिकणमाती’ हा शब्दप्रयोग धातूचे नाव घेतल्याशिवाय निरर्थक ठरतो.

बांधकामातील अडचण निराळी. इष्टतम आर्द्रतेपेक्षा किंचित ओली माती दाबल्यास ढेकळे मोडून पारगम्यता घटते. पण तीच काळी माती उन्हाळ्यात उघडी राहिली तर भेगाळते. (शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही.) प्रयोगशाळेतील लहानशा साच्यात अशा भेगा उतरत नाहीत. शिवाय तेथील चाचणी बहुधा स्वच्छ पाण्याने होते. क्षारयुक्त निचरा वाहू लागला की माँटमोरिलोनाइटचे फुगणे कमी होते व पारगम्यता वाढते. त्यामुळे प्रत्यक्ष निचऱ्याने, धातूनिहाय आणि उन्हाळा सोसलेल्या थरावर केलेली चाचणीच अस्तराच्या मंजुरीला आधार मानली जाणे आवश्यक आहे.