संपादकाविना लेखन

ब्लॉगला साहित्य म्हणावे काय, असा प्रश्न आमच्या पिढीतील शिक्षक आजही विचारतात. मीही विचारीत असे. १९९६ मध्ये अमेरिकेतील मराठी मंडळींची 'मायबोली' सुरू झाली. पुढे 'मनोगत', 'मिसळपाव' आली, युनिकोडमुळे देवनागरी लिहिणे सोपे झाले आणि ज्याचा त्याचा ब्लॉग निघू लागला. इतिहास एवढाच.

आपल्या सीमाभागातील लेखकाला पूर्वी पुण्या-मुंबईच्या संपादकाच्या होकाराची वाट पाहावी लागे. निपाणीच्या महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवीत इथल्या कष्टकऱ्यांच्या कथा लिहिल्या आणि दिवाळी अंकांतून त्या महाराष्ट्रभर पोहोचवल्या. २०२४ मध्ये ते गेले. एवढी चिकाटी सर्वांच्या ठायी नसते. इतरांचे अनुभव वहीतच राहिले. ब्लॉगने ती वही उघडली, हे मान्य करायला मला फार वर्षे लागली.

बेंगळुरूस नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आजीच्या आठवणी ब्लॉगवर लिहिल्या. आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात महामार्गावर ठिय्या मारून बसलेल्या शेतकऱ्यांसाठी तिने भाकऱ्या थापल्या होत्या. लेखाखाली हुक्केरीकडच्या एका वाचकाने कानडीत लिहिले, 'माझ्या आईच्या लुगड्यालाही तोच वास येई.' सीमाप्रश्नावर दोन्हीकडून इतके बोलले गेले, पण हा वास कुणाच्या भाषणात आला नव्हता.

मी काय केले? शुद्धलेखनाच्या एकतीस चुका काढून त्याला पाठवल्या. आजीचे 'काय कराय लागलाईस' हे वाक्यही 'काय करीत आहेस' असे 'सुधारले'. त्यानंतर आठ महिने त्याने काही लिहिले नाही. मास्तरकीची खोड, दुसरे काय!

तरीही टीका सोडता येत नाही. ब्लॉगवरील पुष्कळसे लेखन गावच्या आठवणींत घोळत राहते, आणि खाली 'छान', 'मस्त' यांची रांग लागते. प्रकाश नारायण संतांनीही बेळगावकडचे बालपणच लिहिले. पण लंपनची चारच पुस्तके दिली आणि त्यांत एक शब्द उगाच पडलेला नाही. संपादक नसेल तर ती कात्री लेखकाच्याच हाती हवी. शिवाय हे लेखन टिकेलच असे नाही. २००९ मध्ये जिओसिटीज बंद झाली तेव्हा असंख्य लोकांची पाने गेली. फेसबुक आल्यावर कितीतरी मराठी ब्लॉग अर्धेच राहिले. आपला जुना दिवाळी अंक निदान माळ्यावर तरी सापडतो.

परवा त्या मुलाने पुन्हा लिहिले. या वेळी मी ऱ्हस्वदीर्घ पाहिले नाही. खाली एवढेच लिहिले : 'वखारीत दिवसाची मजुरी किती मिळे, ते आजीला विचारून लिही. लवकर विचार.'