क्षमेविना कबुली

जेफ लिंडसे यांच्या ‘डार्कली ड्रीमिंग डेक्स्टर’ (२००४) या कादंबरीचा आरंभ ख्रिस्ती वाचकाला सहजी ओलांडता येत नाही. मायामी पोलिसांत रक्ताच्या डागांचा तज्ज्ञ असलेला डेक्स्टर गुप्तपणे खुन्यांनाच ठार करतो. आणि पुस्तकातील त्याचा पहिला बळी आहे अनाथ बालकांचा घात करणारा एक धर्मगुरू! उकरलेली प्रेते दाखवून तो फादर डोनोव्हनकडून कबुली घेतो. प्रायश्चित्त संस्काराचे हे भेसूर विडंबन होय. कबुली आहे, पण क्षमा करणाराच नाही. तरीही ते पान उलटताना आम्हांला समाधान वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही. लेखकाचे सामर्थ्य आणि आमची अडचण, दोन्ही तेथेच आहेत.

पोलीस असलेल्या पालक पित्याने, हॅरीने, घालून दिलेले नियम म्हणजे विवेक नव्हे, निव्वळ सावधगिरी. पुढे डेक्स्टर ज्याच्या मागावर असतो तो खुनी त्याचाच भाऊ निघतो. (स्वप्नांतून मिळणारे त्याचे धागेदोरे आम्हांला पटले नाहीत.) काइनाला कोणी मारू नये म्हणून परमेश्वराने त्याच्यावर खूण केली होती. डेक्स्टरही भावाला निसटू देतो, परंतु केवळ रक्ताच्या ओढीने. फादर डोनोव्हन त्याचा कोणीच नव्हता.