छप्पर आणि वाट

विमानतळाच्या आराखड्यातला सगळा तंटा विमानाच्या पंखांपासून सुरू होतो. आपल्या देशांतर्गत प्रवासातलं नेहमीचं विमान म्हणजे एअरबस ए-३२०. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते सुमारे ३६ मीटर भरतं. शेजारच्या विमानापासून सुरक्षित अंतर धरलं, की एकेका विमानाला ४० मीटरची भिंत लागते. बोइंग ७७७ साठी हीच भिंत ७० मीटरच्या घरात जाते. म्हणजे वीस छोटी विमानं एका रांगेत उभी करायची ठरवली, तरी इमारत ८०० मीटर लांब होणार. विमानाला लांबच लांब कड हवी असते आणि माणसाला सगळं हाताशी हवं असतं. गेली साठ-सत्तर वर्षं विमानतळांचे रचनाकार या दोन मागण्यांत तह घडवू पाहत आहेत. जगभर लिहिलं जातं ते मात्र विमानतळांच्या छपरांबद्दल. ही कला छपराच्या बाबतीत फार पुढे गेली आणि वाटेच्या बाबतीत मागे पडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

छपराचा मोह जुना आहे. एरो सारिनन यांचं न्यूयॉर्कमधलं टीडब्ल्यूए टर्मिनल १९६२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, सुरू झालं. त्याची वळणदार काँक्रीटची घडण आजही पाहतच राहावी अशी आहे. पण मोठी जेट विमानं आली, प्रवासी वाढले, आणि त्या घडणीत भर घालायला कुठे जागाच नव्हती. २००१ मध्ये टर्मिनल बंद झालं आणि २०१९ पासून तिथे हॉटेल आहे. त्याच १९६२ साली सारिनन यांचाच वॉशिंग्टनजवळचा डलेस विमानतळ उघडला. तिथे त्यांनी उलटा विचार केला होता. प्रवाशाला किती चालावं लागतं, याची मोजमापं घेऊन त्यांनी इमारत आटोपशीर ठेवली, विमानं दूर उभी केली आणि मधलं अंतर तोडायला चाकांवरचे दिवाणखाने योजले. ते दिवाणखाने पुढे गर्दीला पुरे पडले नाहीत. इमारत मात्र टिकली. १९९० च्या दशकात तिची लांबी जवळपास दुप्पट केली, तरी तिचा तोल ढळला नाही. एकाच वास्तुकाराच्या या दोन कामांत मला डलेस मोठं वाटतं ते याचसाठी.

वाटेचा खरा ध्यास घेतला तो पश्चिम बर्लिनच्या टेगेलनं. माइनहार्ड फॉन गेरकान आणि फोल्कविन मार्ग हे नुकतेच व्यवसायात उतरलेले दोन वास्तुकार. त्यांनी षटकोनी कड्यासारखी इमारत आखली. कड्याच्या आत मोटारी आणि बाहेरच्या अंगाला विमानं. प्रत्येक गेटला स्वतःचं चेक-इन आणि स्वतःची तपासणी. टॅक्सीतून उतरल्यावर विमानाचं दार तीस-चाळीस मीटरवर. १९७४ साली सुरू झालेल्या या विमानतळावर बर्लिनकरांनी मनापासून प्रेम केलं, आणि ते प्रेम छपरापोटी नव्हतं. आपण कुठे आहोत आणि कुठे जायचं आहे, हे तिथे पहिल्या नजरेत कळत असे. पण कडं वाढवता येत नाही. विमान बदलणाऱ्या प्रवाशाला आतल्या आत जायला मार्ग नव्हता, आणि मूळ अंदाजापेक्षा कितीतरी पटींनी लोक येऊ लागल्यावर बाजूला जोडइमारती उभ्या कराव्या लागल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये टेगेल बंद झाला.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं दैव याहून कठोर निघालं. तिथेही दारातून थेट गेटवर नेणारी तीन गोल टर्मिनलं १९७२ च्या अखेरीस सुरू झाली. विमान अपहरणांच्या लाटेमुळे १९७३ च्या जानेवारीत अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. जिथे तपासणीसाठी जागाच धरली नव्हती, तिथे काचेच्या भिंती घालून कप्पे पाडावे लागले. तपासणी एकदा पार केली की स्वच्छतागृहसुद्धा भिंतीपलीकडे राही, अशी अवस्था. २०२३ मध्ये त्या जागी एकच एकत्रित टर्मिनल आलं. चूक वास्तुकारांची नव्हती. त्यांनी ज्या जगासाठी आखणी केली, ते जग काही आठवड्यांत बदललं.

विमानांच्या बाजूचा हिशेब प्रवाशाला दिसत नाही, पण उशीर झाला की त्यालाच भोगावा लागतो. टर्मिनलच्या दोन बाहूंमधल्या चिंचोळ्या खाचेत एक विमान मागे ढकललं जाऊ लागलं, की आतली बाकीची थांबून राहतात. अटलांटानं १९८० मध्ये यावर काढलेला तोडगा मला या कलेतली सर्वांत शहाणी चाल वाटते. समांतर धावपट्ट्यांच्या मध्ये लांब, सरळ इमारतींच्या ओळी, त्यांच्यामध्ये विमानांना ये-जा करायला प्रशस्त पट्टे, आणि जमिनीखालून सर्व ओळींना जोडणारी आगगाडी. पुढे १९९४ आणि २०१२ मध्ये आणखी दोन ओळी जोडल्या, त्या मूळ मांडणीला धक्का न लावता. या विमानतळाचं छायाचित्र कुणी भिंतीवर लावणार नाही. तरीही जगातली सर्वाधिक गर्दी तो वर्षानुवर्षं पेलतो आहे.

मग दुकानं आली. नॉर्मन फॉस्टर यांनी १९९१ मध्ये लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडला सगळी यंत्रसामग्री जमिनीखाली नेली. छपराकडे फक्त ऊन आत घेण्याचं आणि पाऊस अडवण्याचं काम ठेवलं, आणि दारातून आत येणाऱ्याची नजर सरळ पलीकडच्या विमानांकडे जाईल अशी खुली जागा केली. त्या खुल्या जागेत पुढे इतकी दुकानं आणि अडसर भरले, की ती नजरेची रेषाच नाहीशी झाली. आता बहुतेक नव्या टर्मिनलांत तपासणीनंतरची वाट मुद्दाम वळणं घेत ड्यूटी फ्रीमधून काढलेली असते. यामागचं अर्थकारण मला कळतं. आपल्याकडच्या धोरणानुसार बिगर-विमानसेवा उत्पन्नातला ३० टक्के वाटा विमानतळाची शुल्कं ठरवताना वजावट म्हणून धरला जातो, म्हणजे दुकानांचा फायदा काही अंशी तिकिटापर्यंत पोचतो. तेव्हा दुकानं असावीत. पण घाईत असलेल्याला अत्तरांच्या मांडण्यांभोवती वळसा घालायला लावू नये. त्याच्यासाठी सरळ वाट आणि थांबायला वेळ असलेल्यासाठी बाजूची गल्ली, एवढी सोय करणं अवघड नाही.

अलीकडच्या भव्य कामांत बीजिंगचा दाशिंग विमानतळ उल्लेखनीय आहे. झाहा हदीद यांच्या कार्यालयाच्या सहभागानं आखलेला हा विमानतळ २०१९ मध्ये खुला झाला. मध्यातून पाच बाहू फुटतात आणि तपासणीपासून सर्वांत लांबचं गेट सुमारे ६०० मीटरवर येतं. एवढ्या प्रचंड इमारतीत हा आकडा कौतुकाचा आहे. मात्र बाहूंच्या बेचक्यात विमानांना जागा कमी पडते, हा दोष कोणत्याही ताऱ्याच्या आकाराला चुकत नाही.

मुंबईचं टर्मिनल दोन याच वंशातलं, आणि त्याची बाजू मी आवर्जून घेईन. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. चहूबाजूंनी वस्ती भिडलेली. जुनं सहार टर्मिनल चालू ठेवून त्याच्याच जागी नवं बांधायचं होतं. एसओएम या संस्थेनं काढलेला फुलीच्या आकाराचा आराखडा टप्प्याटप्प्यानं बांधता येणारा होता. देशी आणि परदेशी प्रवासी त्यांनी एकावर एक मजल्यांत बसवले, म्हणून एकच गेट दोन्हींच्या कामी येतं. २०१४ मध्ये उघडल्यापासून लोक तिथल्या ३० खांबांचं आणि मोरपिसाऱ्याची आठवण देणाऱ्या छपराचं कौतुक करतात. राजीव सेठी यांनी उभ्या केलेल्या ‘जय हे’ कलासंग्रहाचंही करतात, आणि ते योग्यच आहे. माझ्या लेखी मात्र या इमारतीचं खरं श्रेय त्या फुलीला आहे. इतक्या अडचणीच्या जागेत इतकी विमानं लावून दाखवणं ही मोठी कारागिरी आहे.

तरीही एक गोष्ट खटकत राहते. परदेशी विमानांच्या वेळेला व्हीलचेअरची रांग पाहावी. मुलाकडे न्यू जर्सीला निघालेले, रोज सकाळी पर्वती चढणारे पुण्याचे आजोबासुद्धा खुर्ची मागतात. त्यांचे पाय धड असतात. भीती असते ती वाट चुकण्याची, पाट्या न समजण्याची, मधेच कुणीतरी इंग्रजीत काही विचारेल याची. मला ती रांग म्हणजे विमानतळांच्या रचनेवरची सर्वांत गंभीर टीका वाटते, आणि ती एकट्या मुंबईपुरती नाही. वळण कमी असणं, पुढचा टप्पा दुरून दिसणं, पाटी योग्य उंचीवर आणि आपल्या भाषेत असणं, मधे टेकायला बाक असणं, या गोष्टींना छपराच्या तुलनेत नगण्य खर्च येतो. शिवाय आपल्याकडे तिकीट आणि ओळखपत्र इमारतीच्या दारातच तपासतात, आणि निरोप द्यायला घरची मंडळी तिथवर आलेली असतात. भारतीय आराखड्यात ही दाराबाहेरची जागाही एक दालन समजूनच आखली पाहिजे: सावली, बसायची सोय आणि आत गेलेलं माणूस तपासणीपर्यंत दिसेल अशी काच.

पुण्याच्या लोहगावला २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, पण धावपट्टी हवाई दलाची. गोव्यातल्या दाबोळीची नौदलाची. तिथे इमारत कितीही सुधारली तरी विमानांच्या वेळा तिच्या हातात नाहीत. म्हणून महाराष्ट्रात खरी परीक्षा आहे ती नवी मुंबईची. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, डिसेंबरअखेरीस उड्डाणं सुरू झाली, आणि कमळासारख्या छपराची छायाचित्रं घरोघर पोचली. इथे मुंबईसारखी अडचण नाही. स्वतंत्रपणे चालू शकतील अशा दोन समांतर धावपट्ट्यांची योजना आहे, त्यातली एक झाली आहे, आणि टप्प्यानं येणारी टर्मिनलं आपोआप चालणाऱ्या गाडीनं जोडायची आहेत. नागपूरहून उतरलेला माणूस बाहेर न पडता, बॅग पुन्हा न उचलता परदेशी विमानात बसेल का? सहारला उतरून उलव्याहून, म्हणजे नवी मुंबईहून, उडणाऱ्याला मेट्रो किती वर्षांनी मिळेल? टर्मिनलं जोडणारी ती आपोआप चालणारी गाडी दुसरं टर्मिनल उघडण्याआधी धावेल की नंतर? दुसऱ्या टर्मिनलचे खांब उभे राहण्याआधी त्याचा आराखडा दारापासून प्रत्येक गेटपर्यंतच्या चालण्याच्या अंतरांसह लोकांपुढे ठेवला गेला पाहिजे, आणि त्यावर व्हीलचेअर मागणाऱ्या आजी-आजोबांचंही मत घेतलं पाहिजे.