पेव, तोडे आणि पासबुक

दख्खनच्या शेतकऱ्याला बचत ठाऊक नाही, तो ऋण काढून सण करतो, हा आरोप जुना आहे. मे १८७५ मध्ये सुप्याला दंगा पेटला, सावकारांचे दस्तऐवज जळाले. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने मात्र लग्नकार्यांतील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते, असेच नोंदवले. हे निरीक्षण विस्मरणात गेले, आरोप तेवढा टिकला.

त्याला उत्तर पाठोपाठच मिळाले. १८७६-७८च्या दुष्काळात चांदीचे दागिने वितळण्यासाठी मुंबईच्या टांकसाळीत आले. म्हणजे बचत होती. ती गोठ-तोड्यांत होती. पण सारा मुलूख एकदमच दागिने मोडायला निघाला, की चांदी पडेल भावाने जाते आणि ज्वारी चढ्या भावाने घ्यावी लागते. अशा वेळी पेवातली ज्वारी पेटीतल्या रुपयापेक्षा मोलाची. लग्नातल्या पंगतीकडेही याच नजरेने पाहावे, असे मला वाटते. दूरच्या, पाऊसपाण्याच्या गावी जोडलेली सोयरीक ही अवर्षणात उपयोगी पडणारी ठेवच होती.

'दुष्काळ पाहिलेली पिढी काटकसरी असते' हे विधान म्हणूनच तपासून घ्यायला हवे. १९७२चा दुष्काळ सोसलेली माणसे ताटात शीत टाकत नाहीत, हे खरे. पण ती काटकसर झाली. बचत कशात ठेवायची, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर आपत्तीच्या आठवणीपेक्षा आपत्तीत काय टिकले, यावर ठरते. पासबुकावर विश्वास न ठेवणाऱ्याला अडाणी म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आजारपणापुरती, लेकीच्या लग्नापुरती खरी. दुष्काळात सगळ्यांची तळी एकदमच आटतात. त्यासाठी साठा गावाबाहेर लागतो. महाराष्ट्राने तो एकदा उभा केला. १९७५च्या कायद्याने पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायला सुरुवात झाली, १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. शहरातल्या पगारातून कापलेले ते रुपये म्हणजे मला तरी दुष्काळी मुलखाचे पेवच वाटते. आपल्या बचतीच्या इतिहासात त्याची नोंद तशी व्हायला हवी.