नेपच्यूनचे दोन फोटो आणि त्यांच्याखालची ओळ

आज फार पसारा मांडत नाही, दोनच फोटोंबद्दल बोलणार आहे. दोन्ही व्हॉयेजर-२ यानाने ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून जाताना घेतलेले.

पहिला तुम्ही नक्की पाहिलेला आहे. शाईसारखा गडद निळा गोळा, त्यावर एक मोठा काळसर डाग आणि पांढऱ्या ढगांचे फराटे. शाळेच्या भिंतीवर सूर्यमालेचा तक्ता असतो ना, त्यात बहुतेक वेळा हाच निळा असतो.

आता हा निळा आला कुठून? व्हॉयेजरचे कॅमेरे कृष्णधवल होते. एकेक फिल्टर वापरायचा, ८०० बाय ८०० ठिपक्यांचं चित्र घ्यायचं आणि पृथ्वीवर ती चित्रं एकमेकांवर बसवून रंग तयार करायचा, अशी पद्धत. हा प्रसिद्ध फोटो साधारण ७० लाख किलोमीटरवरून, हिरव्या आणि नारिंगी अशा दोनच फिल्टरमधून घेतलेल्या चित्रांपासून तयार केलेला आहे. म्हणजे जगातल्या सर्वांत गाजलेल्या निळ्या ग्रहाच्या चित्रात निळ्या फिल्टरचं चित्रच नाही!

शिवाय त्या काळच्या नेपच्यूनच्या चित्रांचा कॉन्ट्रास्ट मुद्दाम वाढवलेला असे. त्यामागे कारण होतं. ढग आणि पट्टे फिकट होते. ते उठून दिसले तरच त्यांची हालचाल मोजता येणार. ताशी २,००० किलोमीटरपर्यंतचे वारे तिथे आहेत, हे अशाच खुणांचा माग काढून कळलं. रंग वाढवल्याची नोंदही तेव्हा चित्रांसोबत दिली जायची. पुढे चित्र पुस्तकांत गेलं, तक्त्यांवर गेलं, आणि ती नोंद मागे राहिली.

जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डचे पॅट्रिक आयर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बीण आणि चिलीतली व्हेरी लार्ज टेलिस्कोप यांच्या वर्णपटांवरून दोन्ही ग्रहांचे रंग पुन्हा काढले. युरेनस आणि नेपच्यून दोघेही फिकट हिरवट-निळे निघाले. नेपच्यून किंचित जास्त निळा, कारण त्याच्यावरचं धुरकट आवरण थोडं पातळ आहे. फरक एवढाच.

आता कुणी म्हणेल, म्हणजे इतकी वर्षं आपल्याला फसवलंच की! मला हे मान्य नाही. पण नुसतं ‘तसं काही नाही’ म्हणून भागणारही नाही.

म्हणून दुसरा फोटो. हा नेपच्यूनच्या कड्यांचा. करडा, दाणेदार, पहिल्या नजरेला बिघडलेलाच वाटेल. दोन चित्रं शेजारी ठेवलीत, मधे काळी पट्टी. मध्यभागी नुसती चकाकी आहे, कारण कडी फार अंधूक; प्रत्येक चित्रासाठी ५९१ सेकंद, म्हणजे जवळजवळ दहा मिनिटं प्रकाश घ्यावा लागला, आणि तेवढ्यात ग्रहाची उजळ कोर जळून पांढरी झाली. पण दोन बारीक कडी स्पष्ट दिसतात.

मी अनेक वर्षं म्हणत आलो, की दोघांत हा फोटो जास्त प्रामाणिक. जोड लपवलेला नाही, चकाकी पुसलेली नाही. सुंदर नाही, पण खरा. आज हे व्याख्यान तयार करताना मला ते मत बदलावं लागलं.

का, ते सांगतो. नेपच्यूनच्या बाहेरच्या कड्याचे काही तुकडे बाकीच्यापेक्षा बरेच ठळक आहेत. त्यांना कंस म्हणतात. पृथ्वीवरून ताऱ्यांचा प्रकाश अडताना पाहून आधी या कंसांचाच सुगावा लागला होता. या फोटोत ते नाहीत! दोन चित्रांमध्ये १ तास २७ मिनिटांचं अंतर होतं, आणि दोन्ही वेळेला कंस नेमके ग्रहाच्या पलीकडच्या बाजूला होते. नुसता फोटो पाहणारा म्हणेल, कडं सगळीकडे सारखंच आहे. निळ्या गोळ्याने जशी चुकीची समजूत करून दिली, तशीच हा ओबडधोबड फोटोही करून देतो. आणि ती दुरुस्त होते फक्त खालची ओळ वाचून.

म्हणून माझी तक्रार चित्र बनवणाऱ्यांबद्दल नाही. तक्रार आहे ती ओळ कापून चित्र छापणाऱ्यांबद्दल, आणि ओळ न वाचता वा-वा करणाऱ्या आपल्याबद्दल. ग्रहांच्या फोटोत ती ओळ चित्राचाच भाग आहे. नकाशावरची सूची कुणी कापून टाकतं का? तसंच हे.

शिक्षक मंडळी इथे बरीच दिसतायत. तो तक्ता काढून टाकू नका. नेपच्यूनखाली पेनाने एवढंच लिहा: ‘रंग वाढवलेला आहे, ढग दिसावेत म्हणून.’ मुलं विचारतील, मग खरा रंग कोणता? तिथून तास सुरू करा.

आता प्रश्न घेऊ.