उंबरठ्याच्या अलीकडे

मराठी साहित्याने आईवर अपार प्रेम केले आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर तिच्या कितीतरी लेकीसुना कथाकवितांतून वावरल्या. सोसणारी आई, स्वतः उपाशी राहून भरवणारी आई, दिव्याशी वाट पाहणारी आई, अशी तिची रूपे आपल्या परिचयाची आहेत. परंतु या साऱ्या आयांचे एक साम्य सहसा ध्यानी येत नाही. त्या आपल्याला भेटतात तेव्हा आई होऊन चुकलेल्या असतात. आई होण्यापूर्वीची वर्ष-दोन वर्षे, ज्यांत नोकरी करणारी एखादी विवाहिता भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभी राहून महिने मोजत असते, ती आमच्या साहित्याने बहुतांशी कोरीच सोडली आहेत. प्रस्तुत लेखात या कोऱ्या पानाचा विचार करावा, आणि आपल्या हाती असलेल्या कलाकृती, कायदे व धर्मलेखन त्याविषयी काय बोलतात ते तपासून पाहावे, असा आमचा हेतू आहे.

हे पान वास्तवात मात्र कोरे नाही. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात आणि लग्नानंतरच्या भेटीगाठींत जे प्रश्न कानी पडतात, ते फार नेमके असतात. नोकरी कायम होण्यास अद्याप आठ महिने आहेत. त्याआधी दिवस गेले तर? करार मार्चअखेर संपतो. फेब्रुवारीत रजा मागितली तर एप्रिलमध्ये नवा करार हाती पडेल काय? वरिष्ठांना केव्हा सांगावे? वसईहून चर्चगेटपर्यंतचा गर्दीतला प्रवास सातव्या महिन्यात झेपेल काय? रजा संपल्यावर बाळ कोणापाशी ठेवावे? करारावरची परिचारिका, तीन वर्षे मानधनावर काढणारी शिक्षण सेविका, संगणक कंपनीत परीक्षाधीन असलेली अभियंता, या तिघींची वये आणि पगार भिन्न असले, तरी प्रश्न एकच आहेत.

घरात या प्रश्नांना निराळेच नाव मिळते. ‘पाळणा लांबवणे’ हा आपला रूढ शब्दप्रयोग पाहावा. पाळणा जणू तिच्या हातातील दोरीवर आहे आणि तिने तो हौसेने दूर ढकलला आहे, असे त्यातून सूचित होते. सासूबाई ‘गोड बातमी’ची वाट पाहतात, शेजारी हसत चौकशी करतात आणि कोणीतरी ‘हल्लीच्या मुलींना पैसा प्रिय’ असा निकाल देऊन मोकळे होते. भीतीला स्वार्थ म्हणणे ही भाषेची चूक आहे, आणि भाषेची चूक दाखवून देणे हे समीक्षेचे पहिले काम होय.

नोकरी करणारी आई मराठीत कोणीच रंगवली नाही असे मात्र नाही. १९८२ चा ‘उंबरठा’ हा जब्बार पटेल दिग्दर्शित चित्रपट या संदर्भात प्रथम आठवतो. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर तो आधारलेला असून पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. सुलभा महाजन ही समाजकार्याचे शिक्षण घेतलेली, वकिलाची पत्नी, एका लहान मुलीची आई. संगमवाडीच्या महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून ती घर सोडून जाते; आणि परतते तेव्हा त्या घरात तिची जागा उरलेली नसते. स्मिता पाटील यांनी ही भूमिका कोठेही आक्रस्ताळी होऊ दिली नाही. मूल घरी ठेवून कामावर गेलेल्या स्त्रीला खलनायिका न करण्याचे श्रेय या चित्रपटाला दिलेच पाहिजे.

तथापि आमचा प्रश्न घेऊन हा चित्रपट पाहिला की त्याची मर्यादाही दिसते. सुलभाचे मूल आधीच जन्मलेले आहे. घर संपन्न आहे. मुलीला सांभाळणारी जाऊ घरात आहे. सुलभाच्या पगारावर त्या घराची चूल पेटणार नसते. म्हणून तिचे काम हा आत्मशोध ठरतो आणि संघर्ष होतो तो घराच्या उंबरठ्यावर. ‘मी बाहेर जाऊ काय?’ हा सुलभाचा प्रश्न होता. आजच्या आमच्या लेकीचा प्रश्न उलट दिशेने येतो: ‘मी कोणाला आत आणू काय?’ ती तर बाहेर गेलेलीच आहे, कारण घराच्या कर्जाचा हप्ता दोन पगारांवर बेतलेला आहे. तिला अडवणारा उंबरठा घराचा नव्हे, कचेरीचा आहे. आणि त्याच्या पलीकडे उभी असलेली व्यक्ती सासू नसून, नाव नसलेली एक व्यवस्था आहे. पदराला धरून रडणारे मूल पडद्यावर दाखवता येते. जे मूल अजून नाहीच, त्याच्यासाठीची घालमेल दाखवणे कठीण. आमच्या लेखकांनी हे कठीण काम टाळले, असे आम्हांस वाटते.

साहित्य जेथे गप्प बसले तेथे काही कागद मात्र बोलले. १९८९ मध्ये आयुर्विमा महामंडळात निवड झालेल्या नीरा माथूर यांच्यापुढे जो छापील अर्ज ठेवण्यात आला, तो एखाद्या दुःखद कथेसारखा वाचता येतो. मासिक पाळी नियमित आहे काय, शेवटची पाळी कोणत्या तारखेस आली, गर्भधारणा किती वेळा झाली, गर्भपात झाला होता काय, असे ते रकाने होते. बाळंतपणानंतर, परीक्षाधीन काळातच, त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. तारीख खोटी लिहिली असे कारण देण्यात आले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामावर परत घेण्याचा आदेश दिला आणि हे रकाने अर्जातून वगळण्यास सांगितले. त्याआधी १९८१ मध्ये याच न्यायालयाने एअर इंडियाच्या हवाईसुंदरीला पहिल्या गर्भारपणातच सेवामुक्त करणारा नियम रद्द ठरवला होता. रकाने गेले, पण ते विचारणारे मन गेले काय? मुलाखतीत ‘पुढची योजना काय?’ असे मोघम विचारले जाते, तेव्हा उमेदवार मुलीला त्यातील न छापलेला रकाना बरोबर वाचता येतो.

कायद्याची भाषा या अर्जाहून पुष्कळ सभ्य आहे. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा केला; देशव्यापी कायदा १९६१ मध्ये आला; २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची बारा आठवड्यांची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेले असले की हा हक्क मिळतो. त्यासाठी नोकरी कायम असण्याची अट नाही. रोजंदारीवरील स्त्रियांनाही तो आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले. आणि कराराची मुदत मध्येच संपली तरी लाभ तुटत नाही, हे २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात स्पष्ट केले. पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय हवी. आमच्या कुटुंबांनी ही माहिती अवश्य जवळ ठेवावी. निम्मी भीती अज्ञानाची असते.

उरलेली निम्मी भीती खरी आहे, आणि तिचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे. रजेवर असलेल्या स्त्रीला काढता येत नाही. पण ती रजेवर जाईल या शंकेने तिला घेतलेच नाही, तर ते सिद्ध कोण करणार? राज्य कामगार विमा योजनेत मोडणाऱ्या, म्हणजे साधारणतः मासिक एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगार स्त्रियांना हा लाभ विम्याच्या निधीतून मिळतो. त्यावरील वेतनाच्या स्त्रीचा सव्वीस आठवड्यांचा पगार मात्र मालकानेच भरायचा असतो. लहान धंद्याचा मालक मग काय विचार करील, हे सांगावयास नको. येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मातेच्या विश्रांतीचा संबंध राष्ट्राच्या हिताशी जोडला होता, आणि म्हणूनच या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे तत्त्वतः मान्य केले होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० च्या करारातही एकट्या मालकावर हा भार टाकू नये असे सूत्र आहे. भारताने त्या करारास मान्यता दिलेली नाही. शतक होत आले, तरी त्या भाषणातील तो मुद्दा आजही जागच्या जागी आहे.

ख्रिस्तसभेच्या लेखनालाही हीच कसोटी लावावी. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या श्रमाविषयीच्या १९८१ च्या परिपत्रकात मातेच्या कष्टांचे सामाजिक मोल ओळखले जावे आणि कामाची रचनाच अशी असावी की स्त्रीला प्रगतीची किंमत मातृत्वाने मोजावी लागू नये, असा विचार आहे. १९९५ च्या स्त्रियांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात तर मातृत्वामुळे स्त्रियांना शाबासकीऐवजी शिक्षा मिळाली, ही खंत आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मे २०२१ मध्ये रोम येथे बोलताना, कामाच्या जागी पोट लपवावे लागणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख करून समाजालाच जाब विचारला. ही चढती स्पष्टता स्वागतार्ह आहे. परंतु १९८१ चे परिपत्रक कुटुंबप्रमुखाच्या एका वेतनावर घर चालावे हा आदर्श समोर ठेवते, आणि आमच्या धर्मग्रामांतील किती घरांना तो आज परवडतो, हे वाचकांनीच सांगावे. शिवाय वडील या चर्चेत बव्हंशी पाहुणेच राहतात. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्वरजा आहे; खाजगी नोकरदारासाठी तशी सर्वसाधारण कायदेशीर तरतूद नाही. चिंता एकटीची राहते, ती यामुळेही.

आणखी एका स्त्रीचा उल्लेख न करता हा विचार पुरा होणार नाही. पहाटेच्या गाडीने भाजीची वा मासळीची पाटी घेऊन जाणारी आमची भगिनी ‘रजा’ हा शब्दच ओळखत नाही. पहिल्या बाळासाठी केंद्राच्या मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात. बुडालेल्या बाजारापुढे ती रक्कम किती टिकणार?

लूकच्या शुभवर्तमानात, गर्भधारणेपूर्वी, पवित्र मरियेने देवदूताला एक सरळ प्रश्न विचारला होता: हे घडणार तरी कसे? त्या प्रश्नास कोणी अश्रद्धा म्हटले नाही. त्याला उत्तर मिळाले. आमच्या लेकीही ‘कसे’ एवढेच विचारत आहेत. त्यांना उत्तर देण्याची जबाबदारी प्रथम आमच्यावर, म्हणजे शाळा आणि रुग्णालये चालवणाऱ्या आमच्या संस्थांवर येते. करार संपत आला असता एखादी शिक्षिका वा परिचारिका रजा मागते, तेव्हा आमच्या कार्यालयातून तिला कोणते पत्र जाते, ते एकदा तपासावे. मग जबाबदारी घराची: नव्या सुनेला बातमी विचारण्याआधी, बाळाला कोण किती दिवस सांभाळील हे वडीलधाऱ्यांनी आपणहून सांगावे, आणि मुलानेही आपल्या रजेचा हिशेब त्यात मांडावा. शेवटी ती लेखकांची आहे. आईवरच्या कविता या नियतकालिकाकडे पुष्कळ येतात. त्या कॅलेंडरपुढे उभ्या असलेल्या मुलीची कथा अद्याप आमच्या वाचनात आलेली नाही. ती कोणीतरी लिहावी. शक्य तर तिनेच लिहावी.